नाव नव्हतं, पत्ता होता

मी क्षितिजाचा रेकॉर्डर बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं; आज थोडं माझं ऐका.

पहिल्यांदा खटकलं ते एक हसू. विद्यापीठाचा ऑनलाइन सेमिनार होता. क्षितिजा आपल्या संशोधनातला उतारा वाचत होती आणि पडद्यावरच्या एका चौकटीतले गृहस्थ गालातल्या गालात हसले. "क्लेअरमधल्या दोन शाळा? ओळखतो मी त्या बाईंना," म्हणाले. क्षितिजा चमकली. तशी ती टोस्टरमधून पाव उडाला तरी दचकते, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

मला तिने डब्लिनमधल्या एका चॅरिटी शॉपमधून आणलं, तेव्हा माझ्या पोटात आधीच्या मालकाचा खोकला तेवढा शिल्लक होता. तो पुसून तिने माणसं भरायला घेतली. आयर्लंडमध्ये शाळा सोडताना मुलं लीव्हिंग सर्टची परीक्षा देतात. तीत चिनी भाषा हा विषय २०२० साली नव्यानेच आला होता. शिकवणाऱ्यांना त्या परीक्षेबद्दल काय वाटतं, हे क्षितिजाला शोधायचं होतं. सगळीकडे लॉकडाऊन. लॅपटॉपशेजारी मला ठेवायचं, लाल दिवा लावायचा आणि ऐकायचं.

बहुतेक शिक्षक सावरून बोलत. अभ्यासक्रम चांगला आहे, वेळ कमी पडतो, बाकी सगळं 'ग्रँड', म्हणजे इथल्या भाषेत उत्तम चाललंय. क्लेअर परगण्यातल्या एनिस गावच्या लिन बाई तशा नव्हत्या. दोन शाळांत अर्धी-अर्धी नोकरी, दर वर्षी नवं कंत्राट.

"घरी चिनी बोलणारी मुलं आणि माझ्याकडे पहिलं अक्षर गिरवणारी मुलं एकाच पेपरला बसणार," त्या म्हणाल्या. "प्रिन्सिपल म्हणतात, घरी बोलणाऱ्यांनाच बसवा, निकाल चांगला दिसेल. मग मी शिकवते ते कुणासाठी?" त्यांचा आवाज खाली आला. "क्षितिजा, हे माझ्या नावावर नको हं. जूनमध्ये कंत्राट संपतं."

क्षितिजाने शब्द दिला आणि पाळलाही. बाईंचं नाव काढलं, शाळांची नावं काढली आणि लिहिलं, 'शिक्षिका चार, क्लेअर परगणा, दोन शाळा'. संशोधनात असंच करायची रीत आहे. पण अख्ख्या क्लेअरमध्ये दोन शाळांत चिनी शिकवणाऱ्या बाई एकच होत्या, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

ते आलं तिच्या रूममेटच्या, उल्काच्या. जवळच्या लिक्सलिपच्या संगणक-चिपच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून ती आली होती. सेमिनारमधलं ते हसू क्षितिजाने तिला सांगितलं, तेव्हा प्रेसमधून, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटातून, चहाचा मग काढता काढता ती म्हणाली, "अगं बाई, पाकिटावर नाव नाही टाकलंस, पण पत्ता पूर्ण घातलास की."

क्षितिजाने तिथल्या तिथे फोन उचलला.

मग फोन सुरू झाले. लिन बाई उचलेनात. मेलला उत्तर नाही. शेवटी शाळेत विचारलं, तर ऑफिसातल्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, त्या आता इथे नसतात. जूनला अजून अवकाश होता.

"एकट्या राहतात गं त्या," क्षितिजा सारखी म्हणायची. "काही बरंवाईट झालं तर कळायचं कसं?" घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी, आणि एनिस तर देशाच्या दुसऱ्या किनाऱ्याला.

जेवण सुटलं तिचं. मला कानाशी धरून ती एकच वाक्य ऐकत बसायची. हे माझ्या नावावर नको हं. मला वाटायचं, गिळून टाकावं ते. पण मला आपणहून विसरता येत नाही. कुणीतरी पुसावं लागतं.

आज सकाळी तिने पुन्हा नंबर लावला. सवयीने मला जवळ ओढलं. बोट लाल बटणावर गेलं आणि चटका बसल्यासारखं मागे आलं. पुसायच्या बटणावरही ते क्षणभर घुटमळलं. "त्यांना विचारल्याशिवाय नको," ती पुटपुटली. मग मला पालथं घालून तिने झाकण सरकवलं. सेलखाली तिचं नख शिरलं. फोन वाजतच होता.

मंडळी, माझ्यासारखा एखादा तुम्ही कुणासमोर ठेवलात, तर त्या माणसाला आधी विचारा, तुमच्या गावात तुमच्यासारखे आणखी किती आहेत? मला ते विचारता आलं नाही.

फोन वाजायचा थांबला.

"हॅलो," लिन बाईंचा आवाज आला, बसलेला, पण त्यांचाच. "क्षितिजा?"

आणि तिने सेल ओढून काढला.