मेलझानीचा खर्ज

उठला. बसला. पुन्हा उठला.

"खुर्चीला खिळे आहेत का रे?" त्रांक्विल्लोनं विचारलं. हा म्हातारा विनोदी भूमिकांचा गवई. त्याचं पोट त्याच्याआधी दारातून आत यायचं.

"पाय आखडलेत," गाउदेन्झिओ मेलझानी म्हणाला आणि परत बसला.

मिलानमध्ये ईस्टरआधीचे उपास चालू होते. नाटकगृहं बंद. काम नसलेले सगळे गवई या एकाच कॅफेत, ऑपेराच्या दलालाच्या खिडकीखाली, एका कॉफीवर दिवस काढायचे. अंगात फरचा कोट, बोटांत भाड्याच्या अंगठ्या आणि तोंडात एकच वाक्य: लिस्बनच्या नाटकगृहाशी बोलणी चालू आहेत. एवढ्या जणांशी बोलायचं म्हणजे लिस्बनला दुसरा उद्योगच नसावा.

इथली आणखी एक रीत. खर्जाचे गवई साधं "साखर दे" सुद्धा बेंबीच्या देठापासून म्हणायचे. शेजारच्या टेबलावर दलाल असला तर?

या वर्षी मात्र—

या वर्षी तेच धिप्पाड लोक चिमण्यांसारखे बोलू लागले. नव्या संगीतकारांना खर्ज नको होता. राजा, खलनायक, सूड घेणारा भाऊ, सगळे वरच्या सुरांत. खाली उरले पुजारी आणि नायिकेचे बाप. तीन प्रवेश, एक शाप, जा घरी.

गाउदेन्झिओही खर्जाचाच. चाळिशीला टेकेपर्यंत त्यानं शापही दिले होते, पण राजा म्हणून. भित्तिपत्रकावर त्याचं नाव कायम पहिल्या ओळीत.

*

रोज सकाळी तो वरचे सूर घोटत होता. बायको ओर्सोला भिंतीपलीकडून ऐकायची. ती स्वतः दुय्यम भूमिका गायलेली, तिच्यापासून काय लपणार?

"कोंबडीची मान मुरगाळतायत असं वाटतं."

"पण सूर लागतो ना?"

"लागतो. ओढून आणतोस, म्हणून येतो. अशानं खालचा फाटेल, गाउदे."

"खालचा कुणाला हवाय?"

"मला."

"तू काय नाटकगृह चालवतेस?"

ती भांडी घासायला गेली. भांडी जरा जास्तच वाजली.

*

"मेलझानी! वर या!"

दलालानं खिडकीतून हाक मारली. सगळ्या कॅफेची डोकी वर झाली. त्रांक्विल्लोनं छातीवर क्रूसाची खूण केली, "जा बाबा. पडलास तर आमच्यावर पड."

पेस्तालुंगा दलालाचा पियानो खिडकीला लागून होता, आणि खिडकी मुद्दाम उघडी. गवयाचा सूर फुटला की खाली हशा पिकायचा. मग भाव पाडायला सोपं.

"वर," पेस्तालुंगा म्हणाला.

गाउदेन्झिओ वरच्या सुरावर गेला. मानेची शीर दोरीसारखी ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं. पण सूर टिकला. खाली कुणी हसलं नाही.

"ठीक. आता खाली."

"खाली कशाला? काम वरचं आहे ना?"

"माझ्या कानांसाठी. या महिन्यात फार किंकाळ्या ऐकल्यात."

तो गायला. एकेक पायरी उतरत, घाई नाही, जोर नाही. शेवटच्या पायरीवर उभा राहिला आणि तिथून आणखी एक उतरला. पियानोवरच्या दिव्याची काच थरथरली. खाली कॅफेत चमचे थांबले.

पेस्तालुंगानं पियानोचं झाकण मिटलं. मग त्यानं दोन करार पुढे ठेवले.

"क्रेमोना. राजा. सगळं वरचं काम. नाहीतर सेनिगाल्लियाच्या जत्रेतला ऑपेरा. पुजारी. वरचं तुम्हाला दोन वर्षं पुरेल. मग तेही जाईल आणि हे खालचंही. हे जपलंत तर दात पडल्यावरही शाप देत बसाल."

"तुम्ही दलाल की पाद्री?"

"दलाल. आवाज बसलेल्या गवयाची दलाली मिळत नाही, म्हणून सांगतोय."

गाउदेन्झिओ खिडकीपाशी गेला. दारापाशी. परत खिडकीपाशी. डोळ्यांपुढे भित्तिपत्रक—

राजा . . . . गाउदेन्झिओ मेलझानी

आणि दुसरं, ज्यात आधी एक नाव, मग आणखी एक, मग कुणीतरी पोरगा राजा म्हणून, मग बोट खाली, अजून खाली, अक्षरं बारीक होत—

"लेखणी द्या."

"कुठल्यासाठी?"

"क्रेमोना."

"मेलझानी, एक रात्र थांबा."

"एक रात्र थांबलो तर नाही म्हणेन."

*

तो जिना उतरला तेव्हा कॅफे उठून उभा होता. सगळा. पातळ आवाजात बोलणारेसुद्धा. कुणी टाळी वाजवली नाही. गवई गवयाला टाळी देत नाहीत. त्रांक्विल्लोनं त्याचा हात हातात घेतला आणि पालथ्या मुठीवर ओठ टेकले. आज थट्टा नव्हती.

"पोरा, असा खर्ज मी तरुणपणी ऐकला होता. आता मरायला हरकत नाही. पुजाऱ्याचं काम दिलं ना त्यानं? द्यायलाच हवं!"

कुणीतरी त्याच्यासाठी कॉफी मागवली. दारात ओर्सोला होती. बाजाराची टोपली हातात, डोळे लाल. तिनंही रस्त्यावरून ऐकलं होतं.

"काय घेतलंस?"

"क्रेमोना. राजा." मग, थोडं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पहिल्या ओळीत."

त्रांक्विल्लोनं त्याचा हात सोडला.

"आत्ता गायलास तो सूर," ओर्सोलानं विचारलं, "त्या कामात किती वेळा आहे?"

"एकदाही नाही."

आलेली कॉफी तशीच ठेवून तो बाहेर पडला. क्रेमोनाची घोडागाडी गुरुवारी सुटणार होती. तो आत्ताच निघाल्यासारखा भरभर चालत होता, तोंड मिटून. टोपलीतले कांदे सांडत ओर्सोला त्याच्या मागे पळत होती.