चार बोटं वर

भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नेमका त्याच आठवड्यात जनावरांचा लसूणघास फुलावर, म्हणजे कापणीला आला. डॉक्टरांनी धूळ आणि धक्के दोन्ही बंद केलेले. ताईने धाकट्या भावाला बोलावून घेतलं. तो शहरात न्हावी होता. दुकानाला कुलूप घालून तो मिळेल त्या गाडीने आला, कारण ताईने बोलावलं आणि तो आला नाही, असं आजवर घडलंच नव्हतं. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. कुठली शाळा, कुठला धंदा, कुठल्या रंगाचा सदरा, सगळं तिने ठरवायचं आणि याने मान डोलवायची.

"ट्रॅक्टर विसरला नाहीस ना?" ताईने विचारलं.

"मी विसरलो असेन. हात विसरले नसतील."

"केस नाही कापायचे, चारा कापायचाय," खाटेवरून भाऊजी म्हणाले. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली. "चार बोटं खुंट राहू दे. औंदा पाणी कमी पडलंय, रान थकलंय."

"कोठार अर्धं रिकामं आहे," ताई म्हणाली. "जमिनीलगत घे. खाली राहिलेलं काय जनावरं जाऊन चाटणार आहेत?"

भाऊजींनी कूस बदलली. भाऊने ट्रॅक्टरमागच्या कापणी यंत्राचं पातं खाली घेतलं.

सकाळचं धुकं अजून रानावर रेंगाळत होतं. जांभळ्या फुलांवर पांढरी फुलपाखरं अशी तरंगत होती, की फुलंच देठावरून सुटून हिंडताहेत असं वाटावं. इंजिनाच्या एकसुरी घरघरीने भाऊला गुंगी आल्यासारखं झालं. लहानपणी तापात कुणाच्या तरी खांद्यावर मान टाकून तो असाच डुलत गेला होता. कुठे, ते आठवेना. घास आडवा होत होता, वास वर येत होता, आणि रान संपूच नये असं त्याला वाटलं.

कुंपणालगतची कड संपत आली तशी खालून खरखर झाली. पात्याने ढेकूळ उडवलं आणि धुळीचा लोट उठला. भाऊ खाली उतरला. गुडघ्यावर बसून, गिऱ्हाइकाच्या डोक्यातली खपली शोधावी तसे त्याने खुंट बोटांनी विंचरले. झाडाच्या बुडाशी तिळाएवढे पोपटी कोंब दाटीने आलेले होते. निम्मेअधिक वरून छाटले गेले होते. कापल्या जागी पाणी पाझरत होतं.

तो जमिनीला गाल टेकून पडून राहिला. तिथून न कापलेला घास जंगलाएवढा उंच दिसत होता. खालचे दांडे काटकुळे, उघडेबोडके. पाला सगळा वर, उजेडात. किती वेळ गेला कोण जाणे. मग उठून त्याने पाना काढला आणि पात्याची उंची ठरवणारे यंत्राचे खालचे लोखंडी पाय सैल केले.

इंजिन थांबलेलं ऐकून ताई बांधावरून आली. "काय बिघडलं?"

"काही नाही. पातं वर घेतोय."

"कुणी सांगितलं?"

भाऊने बोल्ट आवळला. "कुणी नाही."

त्याने हात धरून तिला खाली बसवलं, कोंब दाखवले. "ही पुढची कापणी आहे, ताई. ती आपण आत्ताच छाटतोय."

"आणि चार बोटं रानात सोडायची?"

"सोडतोय ते दांडे. पाला आपल्याकडेच येतोय. रान जोमात असतं तर घेतलं असतं अजून खाली."

ताईने एक कोंब नखाने हळूच दाबून पाहिला. मग वर बघितलं. बराच वेळ ती भावाच्याच डोक्याकडे बघत राहिली.

"पांढरे झाले की रे तुझे केस."

"कधीचेच."

"न्हावी असून रंगवत नाहीस?"

"फुकटात कोण रंगवणार?"

ती हसली आणि पदर झटकून उठली. "घे तुझ्या मनासारखं," म्हणाली.

उरलेलं रान त्याने चार बोटं वर कापलं. घास खुंटांवर खाटेवर निजल्यासारखा पडला. दुपारी भाऊने त्याखाली हात घातला, तर वारा तळहाताला गार लागला. कुंपणाकडचा घास मात्र मातीला चिकटून खालून ओलाच राहिला. दुसऱ्या दिवशी दव असतानाच दोघांनी घास उलथला, म्हणजे पाला झडत नाही. गवताच्या त्या मऊ ढिगांमधून ताई अनवाणी चालत होती, गुणगुणत होती. ती गुणगुणते, हे भाऊला माहीतच नव्हतं. कोठार काठोकाठ भरलं नाही, पण आत गेलेला चारा हिरवाच राहिला. कुंपणाकडचा मातकट चारा जनावरांखाली अंथरला.

आठवड्याभराने डोळ्याची पट्टी सुटली, त्या दिवशी भाऊजी ताईचा हात धरून रानात आले. रानाने हिरवा रंग धरला होता. कुंपणालगत तेवढी एक उजाड पट्टी.

"तिकडे काय झालं?"

भाऊ सांगायला गेला, तोवर ताईच बोलली. "ती मी केलेली हजामत."

भाऊजी इतके हसले, की डोळ्याला धक्का नको म्हणून ताईला त्यांना दटावावं लागलं.

संध्याकाळी ती गाडीपर्यंत सोडायला आली. "पुढच्या कापणीला येशील?" तिने विचारलं. ती असं विचारते, याची भाऊला सवय नव्हती.

"बघतो," तो म्हणाला. खिडकीशी बसल्यावर त्याला डुलकी लागली आणि झोपेत सगळं शहर जांभळ्या फुलांनी भरून गेलं.