संथ गोळी

बिजली नावालाच बिजली. म्हातारी तांबूस घोडी, डावा डोळा गेलेला, आणि चाल अशी की नव्या नवरीनं जपून पाऊल टाकावं. अमेरिकेतल्या ट्रॉय शहराहून तासाभराच्या अंतरावरची ती कुरणाची जागा ज्ञानदानं घेतली ती तिच्याचपायी. वडील, राजीवराव, गेल्यावर तिनं आईलाही तिथेच आणलं. शरयूताईंनी उभी हयात हॉस्पिटलात माणसांना भूल दिली होती. आता सकाळी बिजलीला सफरचंदाची फोड भरवणं, एवढीच ड्यूटी उरली होती.

त्या उन्हाळ्यात तबेल्यामागे ग्राउंडहॉग आला. दिसायला घुशीची थोरली बहीण, अंगानं मांजराहून दांडगा. त्यानं कुरणभर बिळं उकरली आणि ऑगस्टात बिजलीचा पुढचा पाय त्यातल्या एका बिळात गेला. नशिबानं नुसता मुरगळला. जनावरांची डॉक्टरीण पाय चाचपून म्हणाली, "पुढच्या खेपेला मोडेल. मग मला वेगळं इंजेक्शन घेऊन यावं लागेल."

ते इंजेक्शन कसलं, हे शरयूताईंना कुणी सांगायला नको होतं.

बिळं बुजवली, तर शेजारी नवी निघाली. पिंजऱ्यात खरबूज ठेवलं, तर आधी शेजारणीचं मांजर अडकलं आणि मग एक स्कंक, शेपटीखालून दुर्गंधी फवारणारं जनावर. त्याला सोडवताना जावई देव असा काही न्हाऊन निघाला, की ज्ञानदानं त्याचं अंथरूण गॅरेजमध्ये टाकलं. शेवटी राजीवरावांची जुनी पॉइंट टू-टू रायफल कपाटातून बाहेर निघाली. देवनं शिकारीचं लायसन्स काढलं, शरयूताईंनीही काढलं. "तुम्ही कशाला, आई?" त्यानं विचारलं. "असू दे," त्या म्हणाल्या.

देव मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. त्यानं आठवडाभर रिव्ह्यूज वाचले आणि पिशवीभर काडतुसांच्या डब्या आणल्या.

"आई, ही बघा. सगळ्यात फास्ट! टॉप रेटेड आहे."

"तिला काय हायवेवर काढायचीय का रे?"

"अहो, स्पीड म्हणजे पॉवर!"

ज्ञानदा हसली. "आई, याच लॉजिकनं यानं मिक्सर घेतला होता. चटणी छताला लागली."

शरयूताईंनी एक काडतूस तळहातावर घेतलं. करंगळीच्या पेराहून थोडं मोठं. याचं पेटणारं औषध बुडाच्या कडेत, पितळेच्या चिमुकल्या दुमडीत भरलेलं असतं. कडेला ठोका बसला की झालं. एवढ्याशा जागेत एवढं काही मावतं, याचं त्यांना लहानपणी वाटलेलं नवल अजून सरलं नव्हतं. त्यांचे वडील, नाना, गोंदियाकडे जंगलखात्यात रेंजर होते. त्यांच्याकडे अशीच रायफल होती.

बिळाच्या मागच्या मातीच्या चढावर त्यांनी कागद लावला. कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवून देवनं पहिली गोळी झाडली. हवा फाटल्यासारखा कडाका झाला आणि कुरणाच्या पार टोकाला असलेली बिजली त्या दुखऱ्या पायानिशी उधळली. ज्ञानदा धावली. घोडी कुंपणाला घासून थरथरत उभी राहिली, तेव्हा कुठे सगळ्यांचा श्वास परतला.

बिजलीला ज्ञानदानं आत बांधून ठेवलं. पुढच्या गोळ्यांनी कागदावर दूरदूर भोकं पडली.

"कांजिण्या आल्यात कागदाला," परत आलेली ज्ञानदा म्हणाली.

"गोळी आवाजापेक्षा पुढे पळाली की हा कडाका होतो," शरयूताई म्हणाल्या. "मागे राहणारी आणलीयस का एखादी?"

पिशवीच्या तळाशी संथ गोळ्यांच्या दोन डब्या होत्या. एकीतल्या गोळ्यांची टोकं गुळगुळीत, दुसरीतल्या टोकाला इवलासा खळगा. देवनं खळग्याची घेतली. आवाज खरंच दबका आला, पण नेम आणखीच भरकटला.

"ही तर अगदीच बोगस. रिटर्न करतो."

"थांब. भूल दिल्याबरोबर पेशंट झोपला नाही, तर लगेच औषध बदलशील? नळीला आतून आधीच्या गोळीचं मेण चिकटलेलं असतं. नवीचं बसू दे. नाना म्हणायचे, पहिल्या काही गोळ्या नळीच्या, मग आपल्या."

देव झाडत राहिला. हळूहळू भोकं एकमेकांकडे सरकू लागली. शेवटची पाच तर एकमेकांत अशी मिसळली, की जुन्या चार आण्यानं झाकली असती. पिशवीतल्या डब्यांमधून या जुन्या नळीनं आपलं अन्न स्वतः निवडलं होतं. शरयूताई कागदावरून बोट फिरवत राहिल्या.

"गुळगुळीत टोकाची ट्राय करू?" देवनं विचारलं.

"नको." त्यांना नवेगावच्या रानातला ससा आठवला. नानांची गुळगुळीत गोळी त्याच्या आरपार गेली आणि तो तसाच झुडपात पळाला. दिवस मावळेपर्यंत त्या दोघांनी रक्ताचे थेंब शोधले. ससा मिळाला नाही. त्या रात्री नाना जेवले नाहीत. "खळग्याची गोळी आत फुलते. जनावराला कळायच्या आत ते सुटतं. मारायचंच तर तेवढं तरी आपण त्याचं देणं लागतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताना देव रायफल घेऊन बसला, पण ती खांद्याला लावेना. कागदाला डोळे नसतात. त्यानं सासूकडे पाहिलं. त्यांनी रायफल घेतली आणि तबेल्याच्या कट्ट्यावर टेकवली.

ग्राउंडहॉग बिळाबाहेर आला. पिलं केव्हाच पांगली होती, हा एकटा उरला होता. तो मागच्या पायांवर उभा राहिला, पुढचे पंजे छातीशी जुळवले आणि उगवतीकडे तोंड केलं. दवानं मिशा चमकत होत्या. शरयूताईंनी बोट चापावर ठेवलं. जन्मभर त्यांनी माणसांना या उंबरठ्यापर्यंत नेलं होतं, आणि प्रत्येक वेळी हात धरून परत आणलं होतं. आज परत आणायचं नव्हतं. पलीकडे बिजली दुखरा पाय उचलून चरत होती.

त्यांनी अर्धा श्वास सोडला.

अडकित्त्यात सुपारी फुटावी, एवढाच आवाज. तो उभ्याचा आडवा झाला, आणि हलला नाही. झाडावरचा पक्षी गात होता तो थांबलासुद्धा नाही.

बिजलीनं मानही वर केली नाही. ती गवत खात राहिली, मग सवयीनं हळूहळू कट्ट्याकडे आली. शरयूताईंनी रायफल रिकामी करून देवच्या हाती दिली. खिशातून सफरचंदाची फोड काढताना आत्ता कुठे त्यांचे हात कापू लागले. घोडीनं ती कापरी फोड ओठांनी अलगद टिपली.