आप्पांना चिडवायचं

आमच्या आप्पांसमोर कुणी 'रिटर्न बॅक' म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर तटतटायची. "रिटर्न म्हणजेच परत! मग बॅक कशाला?" समोरचा माणूस कचेरीतला साहेब असो की सायकलचं पंक्चर काढणारा, त्यांना फरक पडत नसे. सात रस्ता चौकातल्या एका दुकानाच्या पाटीवर इंग्रजी चुकलं होतं, तर आप्पा शाळेत जाता-येता त्या दुकानदाराशी भांडायचे. शेवटी त्या बिचाऱ्यानं कंटाळून पाटीच मराठीत करून घेतली.

आप्पा म्हणजे धुळाप्पा मास्तर, सांगोल्याकडचा, मेंढरांमागं हिंडत शिकलेला माणूस. हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा धनगराचं पोर कुठं चुकतंय म्हणून लोक कान देऊन बसायचे. आप्पा चुकले नाहीत, पण तो धाक त्यांच्या मनातून गेलाही नाही, आणि पुढं आम्हा पोरांच्या वाट्याला आला. मला त्याचा भयंकर राग यायचा. घास तोंडात असला तरी चुकलेलं वाक्य पुन्हा नीट म्हणावं लागे. मी घासासकट म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात मुद्दाम नवी चूक करायची.

माझा धाकटा भाऊ सिदू, त्याला असलं जमलं नाही. तो मुळातच हळवा. मॅट्रिकला इंग्रजीतच नापास झाला. तरी त्र्याहत्तरच्या दिवाळीत घरी फराळाला आलेल्या हेडमास्तरांशी तो धीर करून इंग्रजीत बोलायला गेला. एकच वाक्य होतं, पण आप्पांनी शब्दाशब्दाला अडवून तेही त्याला पुरं करू दिलं नाही. हेडमास्तर हसले. सिदू हातातली बशी ठेवून उठला तो थेट अकलूजला गेला, साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागला. त्यानंतर आप्पा घरी नसतील अशी वेळ बघूनच तो आईला भेटून जायचा.

पंचाहत्तरच्या श्रावणात आप्पा वर्गात फळ्यापाशीच कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हापासून ते नुसते वर आढ्याकडे बघत पडलेले असत. आई बोलली तरी तसेच, मी बोलले तरी तसेच.

डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या आवडीचं काहीतरी बोलत राहा. आत जाग असेल तर कधीतरी ओ देतील."

डॉक्टर गेल्यावर आई म्हणाली, "त्येंच्या आवडीचं काय ते मला आजवर कळलं न्हाय बघ, केरा. पर चिडत्यात कशानं ते चांगलं ठाव हाय."

मग आम्ही दोघी त्यांना चिडवायलाच बसलो. अंग पुसताना, पेज भरवताना मी सुचेल तेवढं वाईट इंग्रजी बोलायची. 'येस्टर्डे आय गोज टू मार्केट.' 'माय मदर आर कुकिंग.' आईला इंग्रजीचा गंध नव्हता. ती दिवेलागणीला आत येऊन मोठ्यानं 'गुड मॉर्निंग' म्हणायची आणि आशेनं त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. मला हसू यायचं आणि तिथंच रडूही यायचं. आप्पांच्या कपाळावर साधी आठी पडत नव्हती. ज्या खेकसण्याचा मी जन्मभर तिटकारा केला, ते ऐकायला मी आसुसले होते.

सिदूला तार केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"मी काय बोलू, आक्का? माझं तोंड बघून त्येन्ला तरास व्हईल."

"व्हायलाच पायजे. बस तितं आन् इंग्रजीत बोल," मी म्हटलं. "तुझ्यासारखं चुकायला आमच्यात कुणाला येत न्हाय."

तो कसनुसा हसला. खाटेजवळ मान खाली घालून बसला. मग शब्दाला शब्द जोडत, सावकाश बोलू लागला.

"आप्पा, आय केम. आय ॲम हॅविंग गुड सर्व्हिस. माय साहेब डोन्ट शाउट ऑन मी. आय डिड नॉट केम बिकॉज आय वॉज अँग्री ऑन यू. नाऊ आय ॲम नॉट अँग्री."

माझ्या चुका ठरवून केलेल्या होत्या. सिदूनं एकही ठरवून केली नव्हती. त्याला येत होतं तेवढं सगळं चांगलं इंग्रजी त्यानं बापापुढं आणून ठेवलं होतं.

आप्पांची नजर आढ्यावरून खाली आली. ओठ हलले. आईनं माझा दंड घट्ट धरला. आता ओरडणार, आता खेकसणार, म्हणून मी मनातल्या मनात बिरोबाला हात जोडले. आप्पांनी डावा हात कसाबसा उचलला आणि सिदूच्या डोक्यावर ठेवला.

"व्हेरी गुड," ते म्हणाले.

"बोललं! मालक बोललं की!" आई स्वयंपाकघरातून साखरेचा डबा घेऊन, शेजारच्या चन्नम्माला हाका मारत बाहेर पळाली.

सिदू जागचा हलला नाही. हे दोन शब्द बापाच्या तोंडून ऐकायला त्यानं काय केलं नसतं! आणि आता ते मिळाले तर त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं माझ्याकडे बघितलं. जे त्याला कळलं होतं तेच मलाही कळलं होतं. एवढ्या चुका ऐकून गप्प राहणारा माणूस आमचा आप्पा नव्हता.

"आय डिड नॉट केम, आप्पा," तो पुन्हा म्हणाला. या वेळी जोरात, एकेक चूक ठासून. "आय वॉज अँग्री ऑन यू. अँग्री ऑन यू!"

आप्पा लहान मुलासारखे हसले.

बाहेरून आईचा आवाज येत होता. येईल त्याच्या हातावर साखर ठेवून ती सांगत होती, मालक बरं झालं, बोललं. सिदूनं खाटेच्या कडेला कपाळ टेकलं.

"रागवा की ओ, आप्पा," तो म्हणाला. "एकदाच रागवा."

आप्पा त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिले. "व्हेरी गुड," ते म्हणाले. "व्हेरी गुड."