राल्फ विक्टनचा रकाना

शामलाताईंच्या डाव्या डोळ्याचा फोटो मला तिसऱ्यांदा काढावा लागला, कारण आधीच्या दोन्ही वेळा त्या बोलत होत्या.

"हनुवटी टेकवा आणि पाच सेकंद गप्प बसा," मी म्हणाले.

"पाच सेकंद! आमचे हे चाळीस वर्षं तेच सांगत गेले."

कुवेतच्या सलवा भागातल्या आय क्लिनिकमध्ये मी दोन वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट आहे. शामलाताई मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. तीस वर्षं त्यांनी इंग्लंडमधल्या एका जिल्ह्याच्या दप्तरखान्यात नोकरी केली. पती गेल्यापासून हिवाळ्यात त्या लेकीकडे, अलिनाकडे, इथे येतात. दोन्ही डोळ्यांचे मॅक्युला, म्हणजे पडद्याचे मधले भाग, झिजले आहेत. त्या एखाद्या अक्षराकडे सरळ बघतात तेव्हा नेमकं तेच अक्षर दिसत नाही.

फोटो स्क्रीनवर आला. रंगीत चित्रात सगळं नारिंगी होतं. सवयीने मी फक्त हिरवा चॅनेल ठेवला आणि रक्तवाहिन्या काळ्याभोर उठून आल्या. ताईंना डोळ्यांच्या कडेने तेवढा फरक कळला.

"हे काय केलंस?"

"काही वाढवलं नाही. रंगीत फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन फोटो असतात. मी दोन बाजूला ठेवले. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून हिरव्यात ते गडद दिसतं."

"आणि जुनी शाई?"

"कसली शाई?"

"लोहाची. साडेसहाशे वर्षांपूर्वीची. कातड्याच्या पानावरची."

पुढच्या पेशंटला वेळ होता. मग त्यांनी मला आर्चडीकन समजावून सांगितला. बिशपच्या खालोखालचं हे पद. एका प्रदेशातल्या सगळ्या चर्चवर त्याची नजर असते: छत गळतं का, भांडी जागेवर आहेत का, पाद्री शुद्धीत असतो का. त्याला म्हणायचेच 'बिशपचा डोळा'. लोकांना तो इतका नकोसा व्हायचा, की त्या काळचे विद्यार्थी वाद घालायचे, आर्चडीकनला स्वर्ग मिळणं शक्य आहे का?

"म्हणजे ऑडिटर," मी म्हणाले.

"घोड्यावर बसून येणारा ऑडिटर. आणि अजून येतो बरं का. आता कारने येतो, पन्हाळी बघतो. सध्याची तर बाई आहे, शिडीवर स्वतः चढते."

ऑल्डरमीर नावाच्या गावाच्या आर्चडीकनांची यादी ताईंनी तयार केली होती. १०८७पासून आजपर्यंत एकाहत्तर नावं. मी मनात भागाकार केला: सरासरी तेरा वर्षं. राजे बदलले, पंथ बदलला, प्रार्थनेची भाषा बदलली, आणि तरी दर तेरा वर्षांनी कोणीतरी त्याच खुर्चीवर बसून छत गळतं का असं विचारत राहिलं. माझ्या माहितीतली कुठलीच प्रयोगशाळा दोनशे वर्षंही टिकलेली नाही.

"या यादीत एक माणूस माझ्या हातून मेलाय," ताई म्हणाल्या. "राल्फ विक्टन. १३४९चा. प्लेगच्या वर्षी त्या भागातले निम्मे पाद्री गेले. त्यांच्या जागी नवे आले, त्याची नोंद एका पानावर आहे. शेवटच्या रकान्यात नव्याला चर्चचा ताबा कोणी दिला ते लिहायचं; ते काम आर्चडीकनचं. तो रकाना कोरा. मी लिहून टाकलं, 'विक्टन पद सोडून पळाला.' पंचवीस वर्षांपूर्वी, पुस्तकात."

"मग आता काय झालं?"

"आता ती यादी दगडावर कोरणार आहेत. प्रत्येक नावापुढे एक ओळ. माझी ओळ. उद्या दुपारपर्यंत मजकूर पक्का करून द्यायचाय. आणि दप्तरखान्याने नुकताच त्या पानाचा रंगीत फोटो पाठवलाय. मी काम केलं होतं ते काळ्या-पांढऱ्या फिल्मवरून. मूळ पान एकदा पाहिलं, तर तिथे पिवळ्यावर पिवळं. आता रंगीत फोटो आहे, तर बघायला डोळे नाहीत." त्यांनी टॅब माझ्यासमोर ठेवला. "कोरा असेल तर कोरा सांग. पण एखादा माणूस पळाला असं दगडावर लिहायचं, तर नीट बघून लिहावं."

फाइल घेऊन मी अब्बासियाला घरी परतले. खोलीत मुक्ता, माझी पार्टनर, भाजी चिरत होती. तिच्यासमोरच मी लॅपटॉप उघडला. लाल चॅनेल: रकाना कोरा. हिरवा: कोरा, थोडे डाग. निळा लावला आणि माझा हात कीबोर्डवरच राहिला.

रकाना भरलेला होता. वरपासून खालपर्यंत, ओळीमागून ओळ.

"काय गं, रिझल्ट लागला का?" मुक्ताने विचारलं.

मी ओळी मोजल्या. एकेचाळीस. पुन्हा मोजल्या. साडेसहाशे वर्षं ती शाई तिथेच होती. पिवळी पडलेली शाई निळा प्रकाश शोषते; त्या रंगात कोणी बघितलं नव्हतं, एवढंच. नोंद दिसली नाही म्हणजे नोंद नाही, ही चूक आहे असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, आणि तरी ती होतेच.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सलवाला अलिनाच्या घरी पोहोचले. अलिनाने दार उघडलं. "मम्मा पाचपासून जागी आहे. प्लीज, चांगली बातमी असेल तरच आत ये."

"बातमी काय ते मला माहीत नाही," मी खरं तेच सांगितलं. "मला लॅटिन येत नाही."

"देवा, तुझे उपकार!" आतून ताईंचा आवाज आला. "म्हणजे तुला हवं ते वाचता येणार नाही. ये, बस."

पण त्यांनी आधी माझीच तपासणी घेतली. यंत्राने अक्षरं स्वतःहून तयार केली नाहीत ना? मी त्याच पानाची कोरी कड निळ्यात दाखवली, अलिनाने बघून सांगितलं, तिथे काहीच नाही. मग ज्या ओळी आधीच वाचता येत होत्या त्या निळ्यात लावल्या. अक्षरं तीच, फक्त गडद.

"ठीक. आता तुला दिसतं तसं काढ. अर्थ लावू नकोस. चित्र काढ."

जमिनीवर मोठे कागद पसरले. जाड काळ्या मार्करने मी पहिल्या ओळीतला एकेक आकार तळहाताएवढा काढला. कुठे आकडीसारखा, कुठे वर छोटी आडवी रेघ. शंका असेल तिथे टिंब देऊन सोडलं. ताई गुडघ्यांवर बसल्या, मान तिरकी करून कागदाच्या बाजूला बघत राहिल्या. बोट आकारांवरून सरकत होतं.

"राल्फ," त्या म्हणाल्या.

"पुढे?" अलिनाने विचारलं.

"'राल्फ, स्वतः.' म्हणजे मदतनीस नाही पाठवला. स्वतः गेला." त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "ताबा कसा देतात ठाऊक आहे? आर्चडीकन नव्या पाद्र्याचा हात आपल्या हातात धरतो आणि चर्चच्या दाराच्या किल्लीवर ठेवतो. हातात हात."

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे. प्लेग माणसांतून कसा पसरतो, परीक्षेत पाच गुणांना लिहिलंय. आदला पाद्री नुकताच मेलेला, त्याचं घर जवळच, आणि हा माणूस घोड्यावरून तिथे जातो, उतरतो, अनोळखी हात धरतो. मग पुढचं गाव. मी लॅपटॉपवरच्या त्या काळ्या ओळी पुन्हा वरून खाली बघितल्या.

"पानावरच्या तारखा एप्रिल ते ऑगस्ट," ताई पुटपुटल्या. "शेवटची ओळ काढ."

शेवटची ओळ वेगळी होती, हे मलाही कळलं. अक्षर दुसऱ्याचं, टोकदार, घाईचं. मी काढत गेले. ताईंचं बोट तीनदा त्याच जागी परत गेलं.

"'राल्फच्या जागी, तो वारल्यामुळे.'" त्यांनी बोट कागदावरून उचललं. "आणि मी या माणसाला पंचवीस वर्षं पळपुटा म्हणत होते. वर्गात शिकवलं. लोक हसायचे. मीच हसवायचे."

"मम्मा, तुला दिसलंच नव्हतं."

"दिसलं नाही, असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, पळाला." त्यांनी हात पुढे केला, मी त्यांना उठवलं. "किती वाजले?"

"अकरा. मजकूर द्यायला अजून चार तास आहेत," अलिना म्हणाली.

"लिही. राल्फ विक्टन. प्लेगच्या वर्षी एकेचाळीस..." त्या थांबल्या. "नाही. दोनच ओळी वाचल्यात आपण. उरलेल्या एकोणचाळीस न वाचता आकडा लिहिला तर मी पुन्हा तेच करेन. समिधा, तुला कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

"अलिना, कागद संपतील. खालच्या बकाल्याच्या दुकानातून आण. आणि मार्कर."

अलिना चपला घालून गेली. मी बाही वर केली आणि दुसऱ्या ओळीचा पहिला आकार काढायला घेतला.