माझ्या पुढच्या सीटवर दिलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिल गावात राहते. जुन्या मोटारी शांत स्वभावाच्या असतात असं तुम्हाला वाटत असेल, पण माझा राग अजून उतरलेला नाही. तो का आला, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म केंटकीतल्या एका कारखान्यात झाला. माझी पहिली मालकीण शाळेत संगीत शिकवायची. दर रविवारी ती मऊ फडक्यानं मला पुसायची आणि पुसता पुसता माझं कौतुक करायची. पुढे तिची नजर मंदावली आणि तिनं मला विकलं. मग मी जुन्या गाड्यांच्या दुकानात, अगदी मागच्या रांगेत उभी राहिले. इकडे वसंतात पाइनच्या झाडांचे पिवळे परागकण पावडरीसारखे सगळीकडे बसतात. माझ्या काचेवर तर त्यांचा थरच साचला. कुणीतरी त्यावर बोटानं 'मला धुवा' असं लिहून गेलं. धुतलं मात्र कुणी नाही.

मग एके दिवशी भावना आली. ती मूळची नागपूरची, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेली. नवरा रवी नोकरीच्या व्हिसावर इथं आला, पण हिला काम करायची परवानगीच नव्हती. कितीतरी वर्षं बिचारी घरी बसून होती. शेवटी परवानगी मिळाली, डरहॅमच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली, आणि पहिल्या पगारातून तिनं मला निवडलं.

"थोडी नवी बघू ना यार," रवी म्हणाला.

"मला हीच हवी. माझ्या पैशांत बसते," ती म्हणाली. तिनं सगळ्यांना पेढे वाटले, एक माझ्या बॉनेटवरही ठेवला. तो खारीनं पळवला, पण मान मला मिळाला.

आता गाडी म्हटली की विमा आला. आणि मॉरिसव्हिलच्या आपल्या माणसांत विमा म्हटलं की एजंट शशिकांतकाका आले. त्यांना वाईट माणूस म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नवीन कुटुंब आलं की ते स्वतः विमानतळावर न्यायला जात. भावना आणि रवी आले तेव्हा जमिनीवर अंथरायला गादी त्यांनीच दिली होती. म्हणून तर गोष्ट जास्त झोंबते.

काका माझे फोटो काढायला आले आणि माझ्या पुढच्या सीटवर बसले. भावना स्टिअरिंगपाशी होती.

"काका, मी रोज डरहॅमपर्यंत ड्राइव्ह करते हं. तसं लिहा."

"हो गं, ते मी बघतो."

"आणि पॉलिसी नाही पटली तर?"

"अगं, कूलिंग-ऑफ पिरियड असतो ना! नीट विचार करायलाच दिलेले असतात ते दिवस. तेवढ्यात कॅन्सल केलं तर एक डॉलर कापला जाणार नाही. मी आहे ना!" असं म्हणून त्यांनी टॅब्लेट पुढे केला. "इथं बोट फिरव."

भावना वाचू लागली. काका खिडकीबाहेर बघत सुस्कारा सोडून म्हणाले, "वाच, वाच. माझ्यावर विश्वास नसेल तर वाचायलाच हवं."

झालं! आपल्या माणसांची नेमकी इथंच पंचाईत होते. काकांसमोर वाचत बसणं बरं दिसत नाही. भावना ओशाळली आणि तिनं बोट फिरवलं.

दोन दिवसांनी तिनं घरी सगळं वाचलं. काकांनी लिहिलं होतं की ही गाडी गावातल्या गावात, अधूनमधून चालते. तसं लिहिलं की हप्ता कमी बसतो! पण हायवेवर मला कुणी ठोकलं असतं तर कंपनीनं हात वर केले असते. भावनानं दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली आणि ती सुरू झाल्यावर पहिली कॅन्सल केली, तीही मुदतीच्या आत. परत आलेल्या रकमेतून कॅन्सलेशन फी कापलेली होती. माझा पुढचा टायर गुळगुळीत झाला होता, त्याचे पैसे त्या फीत गेले.

तिनं माझ्यातच बसून स्पीकरवर काकांना फोन लावला.

"ती फी कंपनीची नाही गं, माझ्या ऑफिसची आहे. सगळ्यांनाच लागते."

"पण काका, तुम्ही म्हणाला होतात, एक डॉलरही कापणार नाही."

"मी असं म्हणालो नसेन. आणि सही तुझीच आहे ना?"

मित्रांनो, माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली! मी साक्षीदार होते. शब्द माझ्याच सीटवर दिला होता. पण मोटारीची साक्ष कोण काढणार? विचार करायला दिवस द्यायचे आणि कुणी खरंच विचार केला तर त्याला दंड करायचा, हा कुठला न्याय?

रवी म्हणाला, "जाऊ दे ना. आपलाच माणूस आहे. आपल्याला गादी दिली होती त्यांनी."

"मग गादीचे पैसे आता वसूल करतायत का?" भावना म्हणाली. पण नंतर तिनंही तो विषय सोडला. इथं आपली माणसं मोजकी. त्यातल्या कुणाशी बिनसलं तर अडीअडचणीला जायचं कुणाकडे, ही भीती तिला खात होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम आला. हॉलबाहेर, पार्किंगच्या कडेला काकांनी आपलं विम्याचं टेबल मांडलं होतं. भावनानं मला जवळच उभं केलं. जाणारे-येणारे 'जय भीम' म्हणत होते. टेबलापाशी अंकुर नावाचा, नुकताच शिकायला आलेला विद्यार्थी उभा होता. काका त्याला म्हणाले, "नाही पटली तर कॅन्सल कर. एक डॉलर कापला जाणार नाही. इथं बोट फिरव."

भावना पुढे झाली.

"काका, याला फीचं सांगा."

"अगं, घरातली गोष्ट घरात बोलू."

"घरातली असती तर फी घेतली नसती."

पाच-दहा माणसं थांबली. काकांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून नोटा काढल्या. "हे घे तुझे पैसे. उगाच तमाशा नको."

"मला पैसे नकोत. याला आत्ता खरं सांगा. आणि जरा मोठ्यानं."

काका टेबलाकडे बघत म्हणाले, "कॅन्सल केलं तर माझ्या ऑफिसची फी लागते." अंकुरनं बोट मागे घेतलं.

मला त्या क्षणी हॉर्न वाजवावासा वाटला. पण पुढचे दिवस वाईट गेले. कुणी म्हणालं, काकांचा असा अपमान करायला नको होता. पुढच्या जेवणावळीला कुणी काय करून आणायचं ते ठरलं, भावनाला कुणी विचारलंच नाही. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये ती माझ्यात बसून एकदा हमसून हमसून रडली. मला फार वाईट वाटलं.

मग एका शनिवारी फोन आला.

"ताई, मी अंकुर. गाडी घेतलीय. आज दुसऱ्या एजंटकडे जातोय पॉलिसीला. तुम्ही नुसत्या बाजूला बसाल का?"

"बसते. पण वाचायचं तू."

मी तिला घेऊन गेले. एजंटच्या ऑफिसची काच मोठी होती, मला आतलं सगळं दिसत होतं. अंकुर एकेक ओळ वाचत होता. एजंटनं दोनदा घड्याळ पाहिलं. अंकुर कावराबावरा झाला आणि त्याचं बोट पुढे सरकलं. भावनानं त्याचा हात धरला. बाहेर आल्यावर तो मित्राला फोनवर तिचं वाक्य हसत हसत सांगत होता: "ताई म्हणाल्या, सावकाश वाच. घाई त्यांना आहे, गाडी तुला चालवायचीय."

मित्रांनो, मला धुवा, पुसा, वेळेवर माझं ऑइल बदला. त्यासाठी मी तुमची ऋणी राहीन. पण माझी एवढी विनंती ऐका: ज्या माणसाला प्रश्न विचारायचा तुम्हाला सगळ्यात जास्त संकोच वाटतो ना, त्यालाच सगळ्यात आधी विचारा.