गाणारं पुस्तक, धुराचं पुस्तक

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या साहेबांनो, ट्रान्झिस्टरसारख्या गमतीच्या वस्तूचं तुम्ही पार वाटोळं केलंत! आमची रेडिओ दुरुस्त करणारी मावशी तुमच्या पुस्तकापायी परवान्याच्या परीक्षेत दोनदा आपटली. आता तिसऱ्यांदा आपटली, की दुकानाला टाळं.

मग रद्दीत तिला एक जुनं पुस्तक सापडलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘आधी जास्त करंट सोडून एक ट्रान्झिस्टर जाळा, मग पुढे वाचा.’ मावशीने लगेच जाळला आणि ती पोट धरून हसली.

“अगं, अभ्यास चाललाय की टवाळकी?” नवरा ओरडला.

आठवड्याभरात तिने त्या जुन्या पुस्तकावरून ॲम्प्लिफायर बनवला आणि परीक्षकासमोर खणखणीत वाजवला.

“वाजतो झकास, पण बाई, आकृती आमच्या पुस्तकातली नाही. शून्य!”

मावशीने तिथेच त्यांच्या पुस्तकातली आकृती जोडली. भसकन धूर निघाला.

“बोला साहेब, ह्या धुराला किती मार्क देता?”